अकरा उंदीर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती तर त्याच घरात होती. तुम्हाला का सांगतोय? ते मला नीट सांगता येणार नाही.

मी धरमतरच्या जेट्टीवर मापाडी. बार्जमधून उतरणाऱ्या गोण्या मोजायच्या आणि आकडा सांगायचा. माझा आकडा कुणी दुसऱ्यांदा मोजत नाही. म्हणून आधी आकडाच देतो. सुरतेत प्लेग आला त्या वर्षी, पेणला माझ्या घरामागे, तीन दिवसांत अकरा उंदीर मेले.

घरामागे गणपतीचा कारखाना आहे. मूर्ती गेल्या की ती शेड नव्या हंगामापर्यंत रिकामी असते. मालकाने तिथे धाकू आणि काशीबाईला राहू दिलं होतं. मिठागरात राबणारं म्हातारं जोडपं. उधाणात बांध फुटला, झोपडी गेली. मग एसटी स्टँड, मग ही शेड. काशीबाई रोज शेड झाडायची. धाकू खोकायचा.

तो खोकला मी मोजायला लागलो. सकाळच्या चहाआधी सत्तावीस वेळा. दुसऱ्या दिवशी एकतीस. पेपरात रोज सुरत, जो तो नाकाला रुमाल बांधून. हे दोघं खरंच खाडीकडचे? की गुजरातेतून गाडीने आलेले? ज्याला पत्ताच नाही, त्याचं काय म्हणून खरं मानायचं? आळीत सगळेच असं बोलत होते — मोजत मात्र मी एकटाच होतो.

"भाऊ, तुमी रुमालातून बोलता, निम्मं कलत नाय," काशीबाई हसायची.

"लांबूनच बोल," मी म्हणायचो.

उंदीर शेडमधूनच येतात, असा माझा संशय. म्हणून कणकेच्या गोळ्यांत औषध कालवून शेडच्या मागच्या भिंतीशी ठेवलं. वीस गोळ्या. काशीबाईला बजावलंही — हात लावू नको, विष आहे. इथपर्यंत माझं काही चुकलं नव्हतं.

पण मेलेले उंदीर आळीने पाहिले. आपोआप उंदीर पडायला लागले म्हणजे काय, हे त्या दिवसांत कुणाला सांगावं लागत नव्हतं. नगरपालिकेच्या फवारणीवाल्याला बोलावलं. सगळे शेडसमोर जमले. त्याने सरळ विचारलं, "कुणी औषध घातलंय का?"

एक 'हो' म्हणायचं होतं. एवढंच. मी रुमालाची गाठ घट्ट केली. धाकू खोकला, तशी माणसं मागे सरकली.

काशीबाई माझ्याकडे वळली. "भाऊ, तुमीच बोललात ना, हात लावू नको म्हनून? सांगा ना यांना."

"मी? मी कशाला घालू? आमच्याकडे मांजर आहे."

मांजर होतं. तेवढं खरं बोललो.

मला पुन्हा कुणी विचारलं नाही. फवारणीवाला वर कळवायला गेला, पण आळीला तेवढाही धीर नव्हता. टेम्पो आणला. रोह्याला स्टेशनाबाहेर सोडायचं, पुढे त्यांचं ते बघतील — असं ठरलं. ठरवणाऱ्यांत मीही होतो. धाकूला धरायला कुणी हात पुढे करेना. काशीबाईनेच त्याला चढवलं. दोन गाठोडी, एक पातेलं. टेम्पो वळेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती.

मग मी भिंतीशी जाऊन उरलेल्या गोळ्या वेचल्या. सहा. कुणी बघत नाही ना, हे पाहून परसात पुरल्या.

घाबरलो होतो? सगळेच घाबरले होते. खोटं मी बोललो. औषध मीच घातलंय म्हटलं असतं तर ते दोघं तिथेच राहिले असते — आणि मला ते तिथे नको होते.

दोन वर्षांनी मेहुण्याकडे रोह्याला गेलो होतो. परतताना स्टेशनाबाहेर भिंतीला टेकून बसलेली काशीबाई दिसली. धाकू कुठे दिसेना. विचारावं म्हणून मी पुढे झालो. तिने मला ओळखलं. पदर नाकावर ओढला आणि हात आडवा केला.

"लांबूनच बोला, भाऊ."

मी होतो तिथेच थांबलो. चार पावलांचं अंतर होतं. धाकूचं विचारलं नाही. गाडी आली, मी जाऊन बसलो.

तिच्याजवळ एकच गाठोडं होतं.