शेकोटीभोवतीचे सहा दगड

आमच्या शेजारच्या गवंड्याची एक खोड होती. कुठलाही दगड उचलला की तो आधी त्यावर टकटक करून कान लावायचा आणि खणखणीत वाजला तरच घ्यायचा. "चुलीले नदीचा गोटा नको भाऊ, तापला का फुटते."

कापसाला भाव नव्हता त्या हिवाळ्यात मी आणि बायको घरात गप्प बसून असायचो. त्यानं न विचारताच आमच्या परसात शेकोटीचं दगडी आळं रचलं आणि भोवती बसायला सहा दगड मांडले.

"आम्ही दोघंच तं आहो. सहा कायले?"

"म्हनूनच तं!"

संध्याकाळी जाळायला कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीचा भारा आणि तीन शेजारी घेऊन तो हजर! सगळ्यांत रुंद दगडावर ऐसपैस बसून म्हणाला, "वहिनी, चहा ठेवा."

बायको कितीतरी दिवसांनी हसली. मी त्याच्या पाठीवर हळूच टकटक केली. माणूस खणखणीत होता.