काकांचा निळा शर्ट

आमच्या गॅलरीसमोरच्या घरात मालतीकाकू राहतात, एकट्याच. रंगीत कपडे उन्हात विटू नयेत म्हणून त्या सगळे कपडे गॅलरीत उलटे करून वाळत घालतात. फक्त एक निळा शर्ट तेवढा सुलट असतो. तो काकांचा. काका जाऊन बरीच वर्षं झाली.

"चोराचिलटांची भीती असते गं. घरात पुरुषमाणूस आहे असं खालून दिसलेलं बरं," त्यांनी एकदा मला सांगितलं होतं.

म्हणून तो शर्ट रोज दोरीवर असतो. वारा आत शिरला की त्याचे खांदे भरतात, एखादी बाही उचलली जाते, आणि माझ्या हातातला चहा तसाच राहतो.

कपडे अंगात घालून घालून विटतात. हा मात्र कुणी न घालताच विटला. निळ्याचा पार राखाडी झाला. गेलेल्या माणसाचंही असंच होत असेल का? रोज बाहेर काढावं तर रंग उडतो, घडी करून ठेवावं तर घर रिकामं दिसतं.

परवा शर्ट काढताना काकूंनी सहज कॉलर उचलली. तिच्याखाली बोटभर पट्टी अजून गडद निळी होती. त्या बघतच राहिल्या.

"ह्यांना हा रंग फार खुलून दिसायचा," कठड्यापाशी येऊन त्या मला म्हणाल्या, आणि कॉलर पटकन खाली दाबली.

आज सकाळी दोरीवर तो शर्टही उलटा होता. काकूंना आता चोरापेक्षा उन्हाची भीती वाटायला लागली आहे.