लोसाच्या आजीची चटई

साताऱ्याची सुलेखा हायडेलबर्गच्या एका लहानशा संग्रहालयात जुनी वस्त्रं जपायचं काम करायची. हुशार, पण भारी उतावळी. २००६च्या हिवाळ्यात तळघरात तिला सामोआ बेटांवरची एक चटई सापडली. चटई म्हणायची आपली! केवड्याच्या जातीच्या पानांचे केसासारखे धागे काढून बायांनी वर्षानुवर्षं विणलेली, धोतरासारखी मऊ, कडेला लाल पिसं. तिकडे जर्मनांचं राज्य असताना कुणा साहेबाने ती उचलून आणलेली. सामोआत अशी चटई कुणी अंथरत नाही. लग्नात नवरीच्या अंगाभोवती गुंडाळतात आणि माणूस गेलं की त्याच्यावर पांघरतात.

र्युसेल्सहाइमला कारखान्याच्या कँटीनमध्ये जन्म घालवलेली लोसा मूळची सामोआची. कॅन्सरने पार खंगलेली. पेपरात आलेला चटईचा फोटो पाहून तिने पिसांची कड ओळखली आणि संग्रहालयात फोन लावला. "माझ्या आजीचा हात आहे हा. मरायच्या आधी एकदा अंगावर घेऊ दे."

"या ना, मीच खांद्यावर घालते!" सुलेखाने फोनवरच शब्द देऊन टाकला. चटईच्या तपासणीचा निकाल मागाहून आला. आपण शालूत डांबराच्या गोळ्या टाकतो ना, तसं संग्रहालयातल्या जुन्या शहाण्यांनी कीड लागू नये म्हणून चटईत आर्सेनिक भरलं होतं.

प्रणव, तिचा नवरा, वोल्फ्सबुर्गहून फोनवर म्हणाला, "हो, वाईट वाटतं, पण तुझा व्हिसा या जॉबवर आहे. रिस्क नको घेऊस, प्लीज."

लोसाला तिच्या मुलीने चाकाच्या खुर्चीतून आणलं. सुलेखाने मान खाली घालून सगळं सांगितलं.

लोसा हसली. "मी महिन्याभराची पाहुणी. मला विष काय करणार?" तिने हात पुढे केला. सुलेखाने तो मनगटाशी धरला, मायेने नव्हे, अडवायला.

"मग तू तरी घाल," लोसा म्हणाली. "बाईच्या अंगावर कशी दिसते, बघू दे."

सुलेखाने पांढरा झगा, मास्क, हातमोजे चढवले आणि चटई स्वतःच्या खांद्यावर घेतली. लोसा बघत राहिली, रडत राहिली. दुसऱ्याच्या आजीचं कफन पांघरून उभं राहिलेल्या सुलेखाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फेब्रुवारीत लोसा गेली. हॉस्पिटलच्या चादरीतच नेली, असं मुलीने कळवलं. सुलेखाने जाऊन कपाट उघडलं. चटई जागच्या जागी होती. कीड मात्र कुठेच लागली नव्हती.