ओटीपी मागणारा इसम

गेल्या फाल्गुनात माझ्या पत्नीने माझा नंबर ब्लॉक केला, आणि सर्व बाजूंचा साधकबाधक विचार करता तिचे बरोबर होते.

मी सोनपेठला तहसील कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडखाली अर्ज लिहून देतो. शिक्षण नववी (दोन वेळा!), परंतु माझ्या मसुद्याला आजवर एकाही साहेबाने नाव ठेवलेले नाही. अख्ख्या तालुक्याची गाऱ्हाणी मी मार्गी लावीत असताना माझे स्वतःचे एक गाऱ्हाणे मात्र पडून होते. ते असे, की कौशल्याने आता घरी परत यावे.

कौशल्या, म्हणजे माझी पत्नी, लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली होती. (डॉक्टरांनी लेकीला प्रवास मना केला होता.) जाताना म्हणाली, "सव्वा महिन्यात येते." मग म्हणाली, "बारसं होऊ द्या." मग, "मान धरू द्या." मग, "आता पालथं पडायलंय, लय ग्वाड दिसतंय, तेवढं बघून येते." या गतीने नातू दहावीची परीक्षा देऊनच आजीला निरोप देणार, अशी माझी खात्री झाली!

इकडे माझी अवस्था शोचनीय होती. सकाळी हात आपोआप दोन कप चहा टाकी आणि दोन्ही मीच पीत असे. (पित्त झाले.) संध्याकाळी दार उघडताच मी सवयीने मोठ्याने विचारी, "आज साहेब माझा मसुदा वाचून काय म्हणाले, ठाऊक आहे का?" यावर "काय म्हनत्यात, ह्या बुवाला आवरा म्हनले आसतील" हे ठरलेले उत्तर कुठूनच येत नसे. त्या एका टोमण्यासाठी मी रिकाम्या घरात किती वेळ उभा राहत असे, हे इथे नमूद करीत नाही.

फोनवर हे बोलता आले असते. पण फोनवर माझी एक पद्धत आहे. "इकडील सर्व ठीक. दूध वेळेवर येते. सबब काळजी नसावी." त्यावर ती म्हणे, "बरं, ठिवते."

आता कार्डाकडे वळतो. कौशल्याच्या शिवणकामाचे पैसे तिच्या बँकखात्यात असतात. ती गेली तेव्हा त्या खात्याचे कार्ड घरी कपाटात राहिले आणि फोन तिच्यासोबत गेला. बसस्टँडवर मी तिला चारचौघांत व्याख्यान दिले होते, "ओटीपीचा आकडा कोणालाही सांगायचा नाही! बँकेचा साहेब मागो, पोलीस मागो, प्रत्यक्ष माझ्या आवाजात कोणी मागो! हल्ली भामटे आवाजसुद्धा हुबेहूब काढतात." ती तेव्हा खिडकीबाहेर पेरूवाल्याशी घासाघीस करीत होती. मला वाटले, हिचे लक्ष नाही.

पूर्वी एकदा परभणीच्या दुकानात तिने हिरवी इरकली साडी हातात घेतली होती, किंमत विचारली होती आणि घडी न मोडता अलगद परत ठेवली होती. तीच साडी एका दुपारी माझ्या मोबाइलवर झळकली. सातशे नव्व्याण्णव रुपये! "फक्त दहा मिनिटे शिल्लक!" माझ्या डोक्यात तत्काळ योजना तयार झाली. साडी सोनपेठला मागवायची आणि पुण्याला कळवायचे, "वस्तू प्राप्त, नेसणारी व्यक्ती गैरहजर." मग कशी येत नाही ते पाहतो!

साडी हातात पडल्यावर पैसे देण्याची सोय त्या दुकानात नव्हती. कार्डच पाहिजे होते. मी कपाटातून तिचे कार्ड काढले. (भेट तिला आणि पैसेही तिचेच! परंतु तत्त्वतः घर एकच.) पुढचा नंबर टाकला, मागचे तीन आकडेही टाकले. तेव्हा दुकान म्हणाले, ओटीपी टाका. आणि ओटीपी गेला पुण्याला!

मी फोन लावला. "कौशल्या, तुला आत्ता एक आकडा आला असेल. तो तातडीने कळविणे."

"कशाला?"

"कारण गोपनीय आहे."

"मंग न्हाई."

"अगं, मी बोलतोय!"

"आवाज तर बराबर काढलास रे मुडद्या!"

दुकानाचे घड्याळ पळत होते. मी घायकुतीला येऊन म्हणालो, "खात्री करून घे. काहीही विचार!"

"आमच्या मालकाला कोनची भाजी चालत न्हाई?"

"दोडका!"

"ते अख्ख्या सोनपेठला ठावं हाय."

आणि मग माझा बांध फुटला. सबब, उपरोक्त, सगळे गळून पडले. "कौसे, अगं, करमंना झालंय मला. दोन कप चहा करायलोय अन् दोनी मीच प्यायलोय. घर खायला उठायलंय. ये की आता!"

मला वाटले, जिंकलो!

"मनीषा, पळ गं!" ती लेकीला ओरडली. "ह्यो पक्का चोर हाय! तुझा बाप आसं जल्मात बोलला न्हाई!"

फोन बंद. नंबर ब्लॉक.

थोड्या वेळाने जावयांचा फोन आला. मी दबक्या आवाजात सर्व कबूल केले.

"मामा, साडी केवढ्याची?"

"सातशे नव्व्याण्णव."

"ओटीपीच्या मेसेजमध्ये एकोणीस हजार नऊशे लिहिलंय. त्या दुकानाचा पत्ता, फोन काही दिसतोय का?"

शोधले. काहीही नव्हते. नावसुद्धा एका मोठ्या दुकानाच्या नावात एक अक्षर जास्तीचे घुसडून केलेले!

"कार्डाचा नंबर त्यांच्या हातात गेलाय. मामींच्या फोनवरून आत्ताच बँकेला सांगून कार्ड बंद करायला लावतो. आणि मामा, ते तुम्हीच होता, हे मामींना सांगू का?"

"नको," मी म्हणालो. "प्रकरण दप्तरदाखल करा."

पैसे वाचले, साडी गेली. आता तिला कोणत्या निमित्ताने बोलवावे, या विवंचनेत मी असताना दुसऱ्या दिवशी कौशल्याच पिशवी घेऊन दारात उभी! कपाटातल्या कार्डाचा नंबर चोराला कळला, अर्थात चोर घरात शिरून गेला, असा निष्कर्ष काढून ती रात्रभराचा प्रवास करून आली होती. तिने कपाट तपासले. मग मला वरपासून खालपर्यंत तपासले.

"तुमाला काय केलं न्हाई न्हवं त्यानं?"

सांगण्यासारखे पुष्कळ घशापर्यंत आले होते. "प्रकृती ठीक आहे," मी म्हणालो.

संध्याकाळी ती ज्वारी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "काय म्हना, त्यो चोर लय मायेनं बोलायलता. घडीभर वाटलं, द्यावाच त्याला नंबर."

"अशा इसमांपासून सावध राहणे," मी म्हणालो.

अजूनही कधीमधी ती त्याची आठवण काढते आणि स्वतःशीच हसते. तालुक्यातल्या कोणाच्याही विरुद्ध मी तक्रारअर्ज लिहून देतो, पण माझ्याच घरात शिरलेल्या या परपुरुषाविरुद्ध मला एक ओळ लिहिता येत नाही!