दाढदुखीचा पंचनामा

आमच्या आरोग्य केंद्रात दर शनिवारी दुपारी पंचनामा व्हायचा. हे नाव ड्रायव्हरने ठेवलेलं. डॉक्टर त्याला बैठक म्हणायचे. आठवड्यात काही बिघडलं असेल तर कोरा चहा आणि झाडाझडती: कोण कुठे होतं, कोण काय विसरलं, कोणाचं लक्ष कुठे होतं. सगळं नीट पार पडलं असेल तर शिळफाट्याहून वडे यायचे, डॉक्टर "शाबास" म्हणायचे आणि बैठक खलास. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी तिथे नर्स होते आणि वडे मलाही आवडायचे.

डॉक्टरांच्या हाताला गुण होता, पण तोंडाला विसावा नव्हता. बाळंतपणाच्या खोलीत शिरले की सुरू. "पाणी कुठाय? खिडकी कोणी उघडली? सिस्टर, हे काय धरलंय?" त्या गलक्यात बाळ रडलेलं कळलं तरी नशीब.

एकदा डोंगरातल्या वाडीवरची बाई झोळीतून आणली. बाळ झालं, वार पडली, आम्ही हुश्श केलं. तेवढ्यात आयाबाई, आमच्या मावशी, ओरडल्या, "अवं सिस्टर, हिच्या पाठीखाली वलं झालंय! रगत थांबत नाय!" मी पोट चोळायला घेतलं. डॉक्टरांनी बोटाच्या खुणेनेच इंजेक्शन मागितलं आणि दिलं. रक्त आवरलं, बाई वाचली.

शनिवारी अर्थातच वडे आले. पण मला तेव्हा आठवा महिना होता. सासर-माहेर लांब, नवरा मोहोपाड्याला कारखान्यात पाळीवर. माझंही बाळंतपण त्याच खोलीत, त्याच टेबलावर व्हायचं होतं. आणि माझी मोठी बहीण अशीच रक्त जाऊन गेली होती. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मला राग येतो. मी वड्यांची ताटली ओढून पोटाशी धरली.

"आधी पंचनामा."

"कसला? बाई वाचली ना?" डॉक्टर म्हणाले.

"वाचली, पण का वाचली ते सांगा. पुढच्या महिन्यात तिथे मी आहे."

ड्रायव्हर लगेच म्हणाला, "मी जीप उतारावर लावून ठेवली होती. ढकलायला नको."

"अरे, पण जीप लागलीच कुठे?"

"लागली असती तर?"

डॉक्टर म्हणाले, "इंजेक्शन वेळेवर दिलं, बस."

"वेळेवर कळलं कसं?"

"मी बोल्ले ना," मावशी म्हणाल्या.

"मग रोज का नाही बोलत?" डॉक्टरांनी विचारलं.

मावशींनी पदर तोंडाला लावला. "रोज बोलतेच की. आयकतंय कोन?"

शेवटी मीच म्हटलं, "डॉक्टर, त्या दिवशी तुमची दाढ दुखत होती. गालात लवंग धरून तुम्ही गप्प होतात. म्हणून मावशींचं ऐकू आलं."

ड्रायव्हरला एकदम खोकला लागला. डॉक्टर लालबुंद झाले. झाली माझी बदली कुठल्यातरी टोकाला, असं मी मनाशी धरलं. त्यांनी माझ्या हातातल्या ताटलीतला एक वडा उचलला, एका बाजूने सावकाश चावला आणि म्हणाले, "दाढ काल उपटली."

"आता गं बाय!" मावशींनी कपाळाला हात लावला. "मंग सिस्टरचं कसं व्हायचं?"

त्यावर कोणीच हसलं नाही, मी तर नाहीच.

माझ्या कळा भल्या सकाळी सुरू झाल्या. डॉक्टर आत आले, तोंड उघडलं, "खिडकी को—" आणि माझ्याकडे बघून थांबले. मी काय चेहरा केला होता देव जाणे. त्यांनी खिसा चाचपला, लवंग काढली, गालात ठेवली आणि तोंड मिटलं. दुखत काहीच नव्हतं त्यांचं. खोलीभर लवंगेचा वास आणि माझंच ओरडणं.

मुलगी झाली. वारही पडली. मावशी माझ्या पाठीखाली हात घालून चाचपत होत्या. त्या अगदी हळू म्हणाल्या, "वलं लागतंय."

डॉक्टरांनी इंजेक्शन आधीच भरून हातात धरलं होतं. या वेळी मावशींना ओरडावं लागलं नाही.