झगडाबाईचा आडोसा

आमच्या सिंदेवाहीकडच्या गावात तिला सगळे झगडाबाई म्हणत. तिनं तोंड उघडलं की पारावरचा पत्त्यांचा डाव मोडायचा आणि माणसं चपला न घालता बघायला धावायची. पूर्वी ती एका दवाखान्यात आया होती. गुडघे दुखायला लागले म्हणून घरी बसली. जीभ मात्र कधी दुखली नाही.

माझे सासरे मामाजी, गावाचे 'भाऊ', लकव्यानं अंथरुणाला खिळले तेव्हा मी तिलाच मदतीला बोलावलं. घरच्यांनी नाकं मुरडली. पण मामाजींना कुशीवर वळवायचं, शौचाचं भांडं द्यायचं, तेव्हा हीच नाकं अंगणात जाऊन उभी राहायची.

आता आमच्याकडची भेटायला येण्याची रीत काय सांगू! माणूस पडला की गाव खाटेभोवती बसतं. चहा होतो आणि पहिला प्रश्न येतो, "भाऊचं पोट साफ झालं काय?" झालं तर कसं, नाही तर काऊन नाही, यावर ग्रामसभेत होत नाही एवढी चर्चा. एक जण एरंडेल सुचवे, दुसरा पपई. पुण्याचे आमचे जावई व्हिडिओ कॉलवरून मत देत. त्यांचा फोन तांब्याला टेकवून ठेवलेला. भांडं द्यायची वेळ आली तरी कुणी उठायचं नाही. उलट मोठ्या मनानं म्हणायचे, "द्या ना, आमी का परके हावो?"

मामाजी डोळे मिटून घेत. हळूहळू त्यांनी पेज बंद केली, मग पाणीही. भाऊंचं आता संपत आलं, असं मंडळींनी ठरवलं. एका चुलत दिरांनी तर तेरवीला आचारी कोण, तेही विचारून ठेवलं.

झगडाबाई पेजेची भरलेली वाटी घेऊन चुलीपाशी आली. "सूनबाई, भाऊले भूक हाय वो. पण खाल्लं का मंग भांडं मांगा लागते, ना थे या बाजारात कसं मांगन मानूस?"

"मग लोकांना जा म्हणून सांगू?"

"सांगून कोन आयकते? माह्यावर सोड."

दुसऱ्या दिवशी भांडं हवं या खुणेनं मामाजींनी चादर जराशी ओढली. झगडाबाई ताडकन उठली आणि कुंपणाशी जाऊन शेजारणीवर कडाडली, "काऊन वो, तुह्या कोंबड्या भाऊच्या वाडीत काऊन येते?" कोंबड्या बिचाऱ्या खुराड्यात. पण शेजारीणही काही कमी नव्हती. घटकेत खोली रिकामी! जावई ओरडले, "अहो, मलाही बाहेर न्या ना!" कुणीतरी त्यांनाही उचलून नेलं.

मग हे रोजचंच झालं. भांडण पेटलं की मंडळीच ते चालवत. कुणी सोडवे, कुणी बाजू घेई, कुणी शेताच्या बांधाची, धुऱ्याची जुनी भांडणं उकरून काढी. झगडाबाई तोवर मागच्या दारानं आत. मग तिचा गळाच बदलायचा. भांडं गरम पाण्यानं धुवायची, अंगाला गार लागू नये म्हणून. कमरेवर चादर तशीच ठेवायची आणि पाठ करून उभी राहायची. "भाऊ, मी खिडकीतून पाहून राह्यली. धान चांगला निसवला औंदा. घाई नाई." धुणंपुसणं आटोपलं की भांड्यावर फडकं घालून ती मागच्या मागे निघून जायची.

काही दिवसांनी मामाजींनी स्वतःहून वरणभात मागितला. पुढे तर चादर ओढून हळूच विचारायचे, "आज कोणासंग?"

हिवाळाभर ते नीट जेवले. मग एका सकाळी झोपेतच गेले.

तेरवीच्या पंगतीत चुलत दीर म्हणाले, "भाऊ शांतीनं गेले असते. पण या बाईनं मरत्या माणसाच्या दारात रोज झगडे केले." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला राहवेना. खरं काय ते सांगायला मी उठले, तर शेजारी बसलेल्या झगडाबाईनं माझा पदर धरून खाली ओढलं.

"बस चूप. सांगशील त पुना भाऊच्या भांड्याचीच गोष्ट चालन गावात. मले नावं ठेवते त ठेवू दे."

मी बसले. ती पत्रावळीवर वाकून जेवायला लागली.