आग्रहबाई पडद्यावर कशी गेली

“ही उडते का?”

“नाही सर.”

“भिंती फोडते? डोळ्यांतून आग वगैरे?”

“नाही. जेवायला वाढते.”

राघव सरांनी पेन खाली ठेवला. ते वेब सिरीजचे प्रोड्युसर, पुण्याहून खास माझ्या लोहारा गावातल्या घरी आले होते. मी कॉमिक्स काढतो. आमच्या धंद्यात चित्राच्या एका चौकटीला पॅनल म्हणतात. ती पॅनलं आखण्यातच माझं आयुष्य गेलं. मुलांच्या मासिकात माझे दोन हिरो. एक वीजवीर. मुखपृष्ठावर तोच, पोरांच्या दप्तरांवरही तोच. दुसरी आग्रहबाई. तिला शेवटच्या पानावर, जाहिरातीच्या वर उरेल तेवढी जागा. नऊवारी लुगडं, हातात तुपाची वाटी. तिच्यापुढे पानावर बसलेल्या माणसाला ‘नको’ म्हणता येत नाही आणि जेवल्यावर उठता येत नाही. सगळे दरोडेखोर जेवता जेवताच पकडले जायचे.

सरांना सिरीजसाठी एकच हिरो हवा होता आणि त्यांनी वीजवीर ठरवूनच टाकला होता. करार बॅगेत, संध्याकाळी नागपूरहून विमान. अरे, उडणारे काय कमी आहेत का पडद्यावर? माझ्या बाईला कोणी विचारणार की नाही? माझा सगळा जीव तिच्यात अडकला होता.

“सर, तिचा स्टोरीबोर्ड तरी बघा.” स्टोरीबोर्ड म्हणजे शूटिंगच्या आधी कागदावर काढलेला सिनेमा.

“ऑडियन्सला ॲक्शन लागते हो. बाई पोळी वाढतेय, यात ॲक्शन कुठे आहे?”

“पोळी नाही, रोडगा!” मी चिडलोच.

तेवढ्यात माझी मोठी वहिनी दारात आली. आग्रहबाईचा चेहरा मी हिच्यावरूनच उचलला, पण तिला कधी सांगितलं नव्हतं.

“भाऊजी, पाहुण्यायले नुसते कागदंच दाखवून राह्यले काय? चला, पानं वाढली.”

“मी फक्त चहा घेईन,” सर म्हणाले. “निघायचंय.”

“चहा जेवल्यावर.”

रोडगा म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेला कणकेचा गोळा. वहिनीनं तो फोडला, त्यात तूप ओतलं, शेजारी वांग्याची भाजी. पहिला रोडगा संपताच सरांनी ताटावर हात आडवा धरला. पुण्यात ही खूण चालत असेल. आमच्याकडे हात धरला की बाजूनं वाढतात.

“बस, खरंच पुरे!”

“कायले लाजता? आमच्या हातचं आवडलं नाही काय?”

“तसं नाही हो...”

“मंग घ्या!”

मला हसू आवरेना. मी मांडीवर पॅड घेतलं आणि पॅनलं काढत सुटलो. सरांचा आडवा हात. डावीकडून वहिनीचा हल्ला. वरून तुपाची धार. शेवटी सरांनी घड्याळ पाहिलं, उठायला गेले आणि होते तिथेच परत बसले. बेल्ट सैल केला.

“मला उठताच येत नाहीये,” ते घाबरून म्हणाले. त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली. तो अंगणात दुसऱ्या रोडग्यावर होता.

मी पॅड त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी चित्रं पाहिली, समोरून वाटी घेऊन येणारी वहिनी पाहिली, आणि पोट धरून असे हसत सुटले की त्यांना ठसकाच लागला.

“अहो, हिला उडायची गरजच काय?”

“मघापासून तेच तर सांगून राह्यलो सर!”

विमान गेलं ते गेलंच. करारावर वीजवीरचं नाव खोडून आग्रहबाईचं लिहिलं गेलं. मी तिथल्या तिथे गिरकी घेतली, या वयात! वहिनीनं मात्र पॅड हातात घेतलं आणि डोळे वटारले.

“भाऊजी, मले एवढी जाडी काहून काढली?”

शूटिंग पांढरकवड्याजवळ सुरू झालं. हिरोईनला वाढायचं शिकवायला वहिनी सेटवर गेली आणि पहिल्या दिवशी दुपारनंतर एकही शॉट झाला नाही. अख्खं युनिट झाडाखाली आडवं.

तेव्हा नव्या चित्रकारांना माझा एकच सल्ला आहे. प्रोड्युसरला गोष्ट जेवणानंतर ऐकवा. आणि आधी त्याच्या ड्रायव्हरला वाढा.